अकलपेटीचे झाकण

गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हा राजे पायी फिरत आणि प्रधान पालखीतून. लहानांनी ती ऐकावी आणि मोठ्यांनी आपण ऐकत नाही असे दाखवत ऐकावी.

एका डोंगरावर एक गड होता. गडावर राजा होता, त्याची एकुलती एक मुलगी होती आणि राजाची थोरली बहीण होती. तिला सगळा गड आत्याबाई म्हणे आणि सगळा गड तिच्या जिभेला घाबरे. गडाचा दरवाजा इतका अवजड होता की तो उघडायला पहारेकऱ्यांची अख्खी तुकडी रहाटाला जुंपावी लागे. रहाट कुरकुरे, पहारेकरी त्याहून जास्त कुरकुरत. पण दरवाजा रोज उघडे आणि रोज बंद होई.

एकदा नदीच्या पैलतीराहून एक पेटीवाला आला. गोड बोलणारा, अंगावर रेशीम, हातात अत्तराचा फाया. त्याच्यामागे बैलगाडीत एक भलीमोठी काळी पेटी.

"महाराज, ही अकलपेटी," तो म्हणाला. "जोर तुमच्या तळ्यावरच्या पाणचक्कीचा, दोर तुमचे, दरवाजाही तुमचाच. दरवाजा कधी उघडायचा, कधी मिटायचा, घंटा कधी वाजवायची, एवढंच फक्त ही ठरवते."

"आणि हिच्या आत काय आहे?" राजकन्येने विचारले.

"अक्कल," पेटीवाला म्हणाला.

"ती दिसत नाही का?"

"दिसली की संपते, बाईसाहेब. म्हणून तर झाकणावर लाखेची मोहोर आहे. मोहोर फुटली की आमचा-तुमचा संबंध तुटला. आत काही बदलायचं असेल तर मला बोलवायचं, मी पडदा लावून बदलेन."

राजकन्येच्या कपाळाला आठी पडली. राजाच्या मात्र पडली नाही, कारण पेटीने तेवढ्यात दरवाजा उघडून दाखवला होता. एकही माणूस न लागता! पहारेकऱ्यांनी टाळ्या पिटल्या. पेटीवाल्याच्या सांगण्यावरून मोठ्या दरवाजातली छोटी दिंडी, म्हणजे एका माणसापुरते दार, कायमची ठोकून टाकण्यात आली. त्या वर्षी होळीला गल्लीतली पोरे लाकडे मागत फिरली तेव्हा पहारेकऱ्यांनी मोठ्या मनाने तो जुना रहाटच देऊन टाकला. लाकूड चांगले मुरलेले होते. त्या वर्षीची होळी फारच छान पेटली.

आता आपली माणसे कशी असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. जे कळत नाही त्याला आपण आधी हळदकुंकू वाहतो. खंडेनवमीला पेटीला झेंडूची माळ पडली. मग कुणी नारळ फोडला. मग कुणी नवस बोलले. पेटीच्या फटीतून आत भात सारणारेही निघाले, कारण आत बसलेल्या अकलेला भूक लागत असेल, अशी त्यांना काळजी होती.

अशी काही वर्षे गेली आणि राजकन्येचे लग्न ठरले.

नवरा मुलगा शेजारच्या राजाचा. मुलीने स्वतः पसंत केलेला. हसरा होता, घोड्यावर नीट बसत होता आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याचे बोलणे पूर्ण ऐकून घेत होता. मुहूर्त गोरजाचा निघाला, म्हणजे गाई घरी परतायच्या वेळेचा. वरात दुपारीच डोंगराखाली पोहोचली. पण नवऱ्या मुलाचे मित्र वाटेतल्या प्रत्येक झाडासमोर नाचले आणि त्या डोंगरावर झाडे पुष्कळ होती. वरातीमागे गडाच्या गाईही अडकून पडल्या.

शेवटी वरात दरवाजापाशी आली, सनईवाल्याने श्वास भरून घेतला, आणि सूर्य बुडाला. सूर्य बुडाला की दरवाजा मिटायचा, हे पेटीला ठाऊक होते. लग्न म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. घोड्याच्या नाकासमोर दरवाजा धाडकन बंद झाला.

पहारेकऱ्यांनी घाईघाईने दोर ओढले. पेटीच्या पोटात "कट्ट" असा आवाज झाला. त्यानंतर दरवाजा हलेना, घंटा वाजेना, काहीच होईना.

मुहूर्त टळला. गडाच्या आत नवरी, बाहेर नवरा. आत बासुंदीच्या कढया, बाहेर गाई. वऱ्हाडी मंडळींनी त्या गाईंचे दूध काढून पिऊन टाकले आणि वर निरोप पाठवला की व्यवस्था ठीक आहे, पण साखर कमी पडली.

राजा धावत पेटीवाल्याकडे गेला. पेटीवाला गडावरच राहायला होता. तो गादीला टेकून पान लावत होता.

"पेटी रुसलीय, महाराज. कुणी जोर केला की ती मिटते. उघडायची किल्ली आमच्याकडे आहे, उघडू की! फक्त एक छोटीशी अट आहे."

"कोणती?"

"इथून पुढे दरवाजातून कोण आत येणार आणि कोण बाहेर जाणार, ते आमच्याकडून ठरेल. तुम्ही फक्त विचारायचं. बाकी राज्य सगळं तुमचंच."

राजा घामाघूम होऊन परत आला. दरवाजाबाहेर व्याही महाराज गरजत होते. "लग्नसराईतला एकच मुहूर्त आता उरलाय! तोही गोरजाचाच! तोवर दार उघडलं नाही तर सोयरीक मोडली म्हणून समजा!"

"टोपलीत बसवून दोराने वर घेतो की जावईबापूंना," राजाने तटावरून सुचवले.

"माझा मुलगा म्हणजे वांगी आहेत का टोपलीतून न्यायला? तो दारातून येईल, आणि घोड्यावरून येईल!"

नवरा मुलगा घोड्यावरूनच वर बघून म्हणाला, "मला टोपली चालेल." त्याच्याकडे कुणी लक्ष दिले नाही. त्याचा मामा तर आधीच रुसून एका दगडावर बसला होता. विहीणबाईंचे पाय धुण्याचा मान राहायला नको म्हणून आतल्या बायकांनी तटावरून घंगाळे ओतले, तर ते पाणी विहीणबाईंच्या डोक्यावर पडले. त्यानंतर वातावरण आणखी बिघडले.

"अट मान्य करतो," राजा म्हणाला. "दुसरा इलाज काय?"

"आबासाहेब," राजकन्या म्हणाली, "आज ते माझ्या नवऱ्याला अडवतात. उद्या धान्य अडवतील, परवा तुम्हाला. मला लग्न करायचंय, आणि याच मुलाशी करायचंय. पण माझ्या लग्नासाठी गड गहाण टाकलात तर मी त्या मांडवात उभी राहणार नाही."

हे बोलणे तिला सोपे नव्हते, कारण मुलगा तिला खरोखर आवडत होता. तिने हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि पेटीवरच्या लाखेच्या मोहोरेवर घातला.

गडावरचे सगळे लोक डोळे मिटून उभे राहिले. आतून यक्ष निघेल, निदान एखादा साप तरी निघेल, अशी सर्वांची खात्री होती. आतून निघाला तो वास. नवसाचा भात, खोबऱ्याचे तुकडे, कुंकवाचा लगदा. त्याच्याखाली लाकडी चाके होती, दोर होते आणि मधोमध एक फळी. फळीला रांगेने भोके आणि काही भोकांत खुंट्या. मोहोरेला बांधलेल्या दोऱ्याने ओढले जाऊन आतले एक काचेचे चाक मात्र तडकले होते. पेटीवाल्याने तशी सोयच करून ठेवली होती.

"संपलं!" प्रधानजी ओरडले. "आता ही पेटी कधीच चालणार नाही!"

आत्याबाई पदर खोचून पुढे झाल्या. त्यांनी डोळे बारीक करून फळीकडे पाहिले.

"चालणार नाही तर नाही. पण काय गं पोरी, ही तर ठिपक्यांची रांगोळी आहे! हे ठिपके, आणि या खुंट्या म्हणजे कुठले ठिपके जोडायचे त्याची खूण. एवढ्यासाठी तो मेला पडदा लावत होता?"

"आत्या, ही रांगोळी उतरवता येईल?"

"रांगोळी कुणाची उतरवता येत नाही?"

आत्याबाईंनी राजवाड्याचे अंगण सारवून घेतले आणि फळीवरची प्रत्येक खुंटी तिथे मांडली. रांगोळी केवढी झाली म्हणता, एका टोकाला उभे राहिले तर दुसऱ्या टोकाच्या बाईला हाक मारावी लागे. आणि रांगोळी अंगणात असली की काय होते? येणारा-जाणारा थांबतो, बघतो आणि न विचारता मत देतो.

विणकर म्हणाला, "ही ओळ माझ्या मागासारखी चालते. एक खुंटी वर, तर दुसरी खाली."

तेल्याने ते खोडून काढले. "काहीतरीच! हा सरळ माझ्या घाण्याचा फेरा आहे." दोघे हमरीतुमरीवर आले. भांडता भांडता दोघांच्या लक्षात आले की अर्धी ओळ मागाची आहे आणि अर्धी घाण्याची. ज्योतिषीबुवा पंचांग बगलेत मारून आले आणि त्यांनी सूर्य बुडायची ओळ बरोबर ओळखली. मुदपाकखान्यातल्या बाई म्हणाल्या की शेवटच्या ओळीत चूक आहे, म्हणून तर घंटा रोज उशिरा वाजून पोळ्या थंड होतात. ती चूक पेटीवाल्याची होती. इतकी वर्षे ती झाकणाखाली सुखात राहिली होती.

"आता आपलीच पेटी करू," राजकन्या म्हणाली.

ती पेटी दिसायला कशी होती ते विचारू नका. एक चाक घाण्याचे, दोर मागाचे, वजनाला पाटा-वरवंटा. खुंट्यांसाठी गडावरची सगळी लाटणी कापली गेली आणि मुहूर्तापर्यंत गडाने भाकऱ्यांवर दिवस काढले. पहिल्यांदा पेटी चालवली तेव्हा घंटा वाजायची थांबेना. दुसऱ्यांदा पाणचक्कीच्या पाटाचे पाणी प्रधानजींच्या पालखीत शिरले. प्रत्येक वेळी सगळे अंगणात जमत, रांगोळीतला ठिपका शोधत आणि पुन्हा भांडत. पेटीवाला सज्जात उभा राहून हसत होता. मग तो हसायचा थांबला. मग तो खाली उतरून जवळून बघू लागला.

मुहूर्ताच्या दिवशी सूर्य टेकला. बाहेर व्याही महाराजांनी परत फिरायची तयारी केली होती. राजकन्येने शेवटची खुंटी बसवली आणि डोळे मिटले. यक्षासाठी तिने ते मिटले नव्हते, पण आता मिटले.

पेटी घरघरली. दोर ताणले गेले. दरवाजा करकरत उघडला.

आधी गाई आत आल्या. मग नवरा मुलगा, घोड्यावरून, दारातून. अंतरपाट धरला गेला, अक्षता पडल्या, आणि मामासुद्धा दगडावरून उठला. राजकन्या रडत होती आणि हसत होती, आणि दोन्ही एकाच वेळी करताना बरी दिसत होती.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती सांगितलीही नसती. दुष्ट परका हरला, आपण जिंकलो, वाढा पंगत! पण गडावर अजून प्रधानजी होते.

प्रधानजी वाईट नव्हते. त्यांना फक्त काळजी करायची सवय होती आणि काळजी करायला काही हातात असावे असे वाटे. पंगती उठत असतानाच त्यांनी नव्या पेटीभोवती चांदीच्या दारांचा देव्हारा बांधला. दारांना कुलूप लावले. किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली. अंगणातली रांगोळी शत्रूच्या नजरेस पडू नये म्हणून तिच्यावर सडा घालून ती पुसून टाकली.

"पेटी आपली आहे ना," लोक म्हणाले. "मग बरंच झालं." आणि त्यांनी देव्हाऱ्याला झेंडूची माळ घातली.

पाठवणीचा दिवस उजाडला. ज्योतिषीबुवांनी निघायची वेळ भर दुपारची काढली, आणि नेमकी दुपारी उन्हाच्या झळा येतात म्हणून दरवाजा मिटायची खुंटी बसवलेली होती. बदलायची ती एकच खुंटी. राजकन्या पालखीत बसली. आत्याबाई रडल्या, राजा रडला, रुसणारा मामासुद्धा रडला. पालखी दरवाजापाशी आली आणि थांबली.

"प्रधानजी, खुंटी बदला," राजा म्हणाला.

प्रधानजींनी घसा साफ केला. "बदलतो की, महाराज. माझं काही म्हणणं नाही. पण गडाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. इथून पुढे कोण आत येणार आणि कोण बाहेर जाणार, ते आधी मला विचारावं. फक्त एक छोटीशी अट."

गर्दीत पैलतीरचा पेटीवाला भाकरी खात उभा होता. त्याच्या हातातला तुकडा तसाच राहिला.

"अहो," तो म्हणाला, "हे तर माझं वाक्य आहे!"

राजकन्या हुंदका अर्धा सोडून पालखीतून उतरली. ती रागाने लाल झाली होती. "रांगोळीची पूड आणा. मी दुसरी पेटी मांडते."

ती दरवाजासमोर मांडायला बसली. पहिल्या ओळी भराभर उतरल्या. मग तिचा हात थांबला, कारण मधल्या ओळी तिला आठवेनात. प्रधानजींच्या चेहऱ्यावर समाधान दिसू लागले.

"इश्श, त्यात काय?" गर्दीतली विणकरीण म्हणाली. "ती नक्षी तर माझ्या दारात रोज असते."

"माझ्याही!" तेलीण म्हणाली. "मी कडेला दोन मोर घातलेत."

प्रधानजींनी एक अंगण पुसले होते. पण रांगोळीची नवी नक्षी गावात आली आणि शेजारणीने ती उतरवून घेतली नाही, असे कधी झाले आहे? गडावरच्या घराघरासमोर ती होती. आणि नुसती रांगोळीच नव्हती. रिकामे हात असलेल्या लोकांनी तिच्यावरून छोट्या छोट्या पेट्याही केल्या होत्या. तेल्याची पेटी घाण्याचा बैल थकला की त्याला थांबवी. विणकराची पेटी त्याच्या नातवाचा पाळणा हलवी.

"माझी आणू का?" विणकर म्हणाला. "पण तिला पाळणाच येतो."

पाळणापेटी आणली. देव्हाऱ्यात जाणारे दोर सोडवून तिला जोडले. दरवाजाला त्यात वेगळे काही वाटले नाही. तो उघडला. मग मिटला. मग उघडला. गडाचा तो अवजड दरवाजा तान्ह्या बाळाच्या पाळण्यासारखा हलू लागला, आणि बघणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनी सवयीने अंगाई धरली.

"उघडला की पळा!" नवरा मुलगा भोयांना म्हणाला. भोई पळाले. पालखी बाहेर, दरवाजा बंद. दरवाजा उघडला, नवरा बाहेर. पुन्हा उघडला, विहीणबाई बाहेर, पदराचे टोक आत. पुन्हा उघडला, पदराचे टोक बाहेर. असे करत सगळे वऱ्हाड हसत हसत गड उतरले. एवढ्या हशात झालेली पाठवणी त्या मुलुखात दुसरी नव्हती. वळणावर राजकन्येने पालखीचा पडदा सारून मागे पाहिले. दरवाजा अजून हलत होता, येणाऱ्यालाही अडवत नव्हता आणि जाणाऱ्यालाही नाही. तेव्हा कुठे ती पोटभर रडली.

त्यानंतर राजाने चांदीची दारे काढून घेतली आणि वितळवून गडावरच्या पोरींना त्यांची पैंजणे करून दिली. खंडेनवमीला आता पेटीची पूजा होते ती वेगळ्या रीतीने. झाकण काढतात, खुंटी न् खुंटी बाहेर घेतात, आणि गडावरचा जो येईल तो एकेक खुंटी परत बसवतो. चुकली तर शेजारी बोंब मारतो. आतली धूळ झाडायचे काम प्रधानजींकडे आहे आणि ते काम ते फार काळजीने करतात. पैलतीरचा पेटीवाला पैलतीरी गेलाच नाही. बाजारात त्याचे खुंट्यांचे दुकान आहे. त्याच्या खुंट्या सर्वांत गुळगुळीत, म्हणून लोक त्याच्याकडूनच घेतात. कुणाला महाग वाटल्या तर तो घरचे लाटणे कापतो, आणि पेटीवाला लगेच भाव उतरवतो.

तर मंडळी, ज्या पेटीचे झाकण तुम्हाला उघडता येत नाही ती तुमची नसते, मग कुलूप परक्याने लावलेले असो की आपल्याच माणसाने.